सुईनंतरचा अठ्ठाविसावा दिवस

“महिन्यापूर्वी लस टोचून गेलात ना? मग आता रक्त कशाला?”

मावशींचा प्रश्न रास्त होता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावाबाहेरची वस्ती, पत्र्याचा गोठा, दावणीला दोन संकरित गाई, एक म्हैस आणि सात-आठ महिन्यांची कालवड. पशुधन पर्यवेक्षकांनी कालवडीच्या कानातला पिवळा बिल्ला फडक्याने पुसला, त्यावरचे बारा आकडे मोठ्याने वाचले आणि सोबतच्या पोराने ते काचेच्या नळीवरच्या चिठ्ठीवर उतरवले. मावशींच्या मालकांनी दाव्याने कालवडीची मान वर आवळून धरली. पर्यवेक्षकांनी अंगठ्याने मानेची शीर दाबली, ती टरारून फुगली, आणि काळपट लाल रक्त नळीत उतरलं. कालवडीने एकदा मागचे पाय झाडले. झालं.

“लस लागली का ते बघायचंय, मावशी.”

“लागली म्हंजे? तुम्हीच टोचली की!”

टोचणं आणि लागणं यांत फरक आहे हे आपल्या आजी-पणजींना चांगलं ठाऊक होतं. देवी काढायला येणारा माणूस आठवड्याभराने पुन्हा यायचा आणि पोराचा दंड उघडा करून बघायचा. फोड उठला असेल तर लस लागली, नसेल तर पुन्हा टोचायची. निकाल कातडीवर लिहिलेला असे आणि तो आईलाही वाचता येई. लाळ्या-खुरकुताच्या लसीचं तसं नाही. ती मानेच्या स्नायूत खोल जाते, फार तर एखादी गाठ येते, दोन दिवस दूध घटतं, आणि मग वरून काहीही दिसत नाही. लस लागलेलं जनावर आणि न लागलेलं जनावर एकाच दावणीला शेजारी-शेजारी रवंथ करत उभी असतात. त्यांच्यातला फरक रक्तालाच विचारावा लागतो, आणि तो कसा विचारायचा याची एक अख्खी विद्या आहे.

* * *

रोग कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तोंडखुरी-पायखुरी, लाळ्या, खुरकूत, जिल्हा बदलला की नाव बदलतं. ताप, तोंडातून तारा लोंबणारी लाळ, जिभेवरचे फोड, जिभेची सालटी निघणं, खुरांच्या बेचक्यात जखमा आणि काळजी घेतली नाही तर त्यांत अळ्या. तुरटीच्या पाण्याने तोंड धुणं आणि खुरांत औषध ओतणं हे ज्या घरात एकदा झालं, त्या घरातल्या पोरांना तो वास जन्मभर आठवतो. मला आठवतो. आमच्या मळ्यातला एक बैल त्यातून उठला, पण पुढची दोन वर्षं फाल्गुन लागला की सावलीत उभा राहूनही धापा टाकायचा. मोठी जनावरं या रोगाने क्वचित मरतात, वासरं मात्र पटापट जातात. विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूत शिरतो. शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे दिसतात, म्हणून पशुवैद्यक त्याला ‘वाघाचं हृदय’ म्हणतात. दुभत्या गाईचं वेत मात्र हातचं जातं, आणि कर्जावर घेतलेली गाय आटली तरी हप्ता आटत नाही.

प्राण्यांचा रोग विषाणूमुळे होतो हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं ते याच रोगाच्या बाबतीत. १८९८ साली जर्मनीत फ्रीडरिश लफ्लर आणि पाउल फ्रॉश यांनी फोडातला द्रव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तो वासरांना टोचला, आणि वासरं तरीही आजारी पडली. सव्वाशे वर्षं झाली. विषाणू सापडला, त्याची लस निघाली, आणि रोग अजून आपल्या गोठ्यात आहे. याचं एक कारण हे की या विषाणूच्या सात जाती आहेत: ओ, ए, सी, आशिया-१ आणि आफ्रिकेतल्या तीन. एका जातीची लस दुसरीवर चालत नाही. भारतात आज ओ, ए आणि आशिया-१ या तीन फिरतात, सी १९९५ नंतर दिसलेली नाही. म्हणून आपली लस तीन जातींची मिळून असते, आणि म्हणूनच रक्ताला प्रश्नही एक विचारून भागत नाही, तीन विचारावे लागतात. ओ विरुद्ध भक्कम निघालेली गाय आशिया-१ पुढे उघडी असू शकते.

केंद्र सरकारने २००३-०४ मध्ये ५४ जिल्ह्यांपासून या रोगाविरुद्ध लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून त्याचं देशव्यापी रूप जाहीर झालं. पाच वर्षांसाठी १२,००० कोटी रुपयांहून अधिक तरतूद, ५० कोटींहून अधिक जनावरं, वर्षातून दोनदा लस आणि २०३० पर्यंत रोगाचं उच्चाटन. विसाव्या पशुगणनेत, म्हणजे २०१९ साली, देशात गोवंश १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळपास ११ कोटी होत्या. एवढ्या माना आणि एवढ्या सुया. जगात कुठेही या प्रमाणावर जनावरांना लस टोचण्याची उदाहरणं फार नाहीत, आणि उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालणाऱ्या पर्यवेक्षकांबद्दल मला आदर आहे. पण बैठकीत विचारला जातो तो आकडा ‘किती टोचल्या’ हा असतो. तो आकडा सुईचा हिशेब देतो, गाईचा नाही.

* * *

नळीतलं रक्त आता तिरपं ठेवलेलं होतं. ते गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, दह्यावर निवळ सुटावी तसं. तेच रक्तजल, सीरम. त्या पाण्यात प्रतिपिंडं असतात. रक्त घाईने बर्फात घातलं आणि गोठून फुटलं तर तांबड्या पेशी विरघळून सगळं लालेलाल होतं आणि नमुना वाया जातो. या कामात अशा साध्या गोष्टींनीच अर्धं गणित बिघडतं. चिठ्ठी ओली होऊन शाई पसरली की बारा आकड्यांतला एक गेला, आणि गाय कोणती हेच कळेनासं झालं.

एकाच जनावराचं रक्त दोनदा घ्यायचं असतं: लस टोचण्याआधी आणि त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास. पहिल्या नळीत आधीची शिल्लक कळते, दुसरीत भर किती पडली ते. दुसरी नळी नसेल तर पहिलीला अर्थ उरत नाही. आणि दुसऱ्या वेळेपर्यंत गाय बाजारात विकली गेलेली असते, म्हैस पाहुण्यांकडे पाठवलेली असते, बैल ऊसतोडीला गेलेले असतात. बीडकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर बैलगाड्यांसह पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. कारखान्याच्या तळावर दहा गावांची जनावरं एका पाण्यावर येतात. लाळ्या-खुरकुताला याहून मोठी जत्रा कोणती मिळणार! त्या बैलांना गाव सोडण्याच्या आधी तीन आठवडे तरी लस टोचलेली असायला हवी. गाडी जुंपताना टोचलेली लस तळावर उपयोगी पडत नाही, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो.

दुसरी अडचण निवडीची. नमुन्याची गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची असतात आणि गावात वेगवेगळ्या वयाची जनावरं घ्यायची असतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांनी २०१६ साली लसीनंतरच्या तपासणीची जी मार्गदर्शिका काढली, तिचा सहा ते बारा महिने, एक ते दोन वर्षं आणि दोन वर्षांपुढची, असे वयाचे गट वेगळे पाहण्यावर भर आहे. त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. सहा-आठ वेळा लस घेतलेल्या म्हाताऱ्या गाईच्या रक्तात जुनी शिल्लक भरपूर असते. तिचा निकाल चांगला आला म्हणून यंदाची लस चांगली होती असं म्हणता येत नाही, मागच्या पाच वर्षांची पुण्याई असू शकते. यंदाच्या लसीची खरी परीक्षा कालवडीत होते. म्हणून पर्यवेक्षकांनी दुभत्या गाई सोडून कालवडीची मान धरली होती.

कालवडीची अडचण वेगळीच. लस घेतलेल्या आईचा चीक प्यायल्यामुळे वासराच्या रक्तात आईची प्रतिपिंडं उतरतात. ती साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मी होत जातात. ती भरपूर असताना लस दिली तर आईचीच प्रतिपिंडं लसीला निकामी करतात, वासराचं शरीर काही शिकत नाही. म्हणून पहिली लस चौथ्या महिन्यात आणि महिन्याभराने बूस्टर. हा बूस्टर नेमका चुकतो. गावात लसीकरणाची फेरी सहा महिन्यांनी येते, वासराच्या वाढदिवसाप्रमाणे येत नाही. मावशींच्या कालवडीला बूस्टर मिळाला होता का? मालक म्हणाले मिळाला, मावशी म्हणाल्या नाही. नोंदवहीत एकच तारीख होती.

* * *

आता प्रयोगशाळेत. या विद्येतली सगळ्यात जुनी आणि अजूनही मानाची चाचणी म्हणजे विषाणू निष्प्रभीकरण चाचणी. तत्त्व कुणालाही कळेल असं आहे. रक्तजल ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, मग ते दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं. प्रत्येक पातळ थेंबात जिवंत विषाणूची ठरलेली मात्रा घालून त्यांची तासभर झुंज लावून द्यायची. मग त्यात पेशी सोडायच्या, बहुधा हॅमस्टरच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या. दोन-तीन दिवसांनी बघायचं. पेशी तळाला चिकटून जिवंत असतील तर प्रतिपिंडं जिंकली, उखडून तरंगत असतील तर विषाणू जिंकला. किती पट पातळ केल्यावर निम्म्या खळग्यांतल्या पेशी वाचल्या, तो आकडा म्हणजे टायटर. ४५ पट पातळ करूनही रक्तजल झुंज देत असेल तर ते सहसा होकारार्थी धरतात.

या चाचणीचं मोठेपण हे की प्रतिपिंडं आहेत का एवढंच ती विचारत नाही, ती विषाणूला खरोखर थोपवतात का हे विचारते. अडचण ही की तिला जिवंत विषाणू लागतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू सांभाळणं म्हणजे हवेचा दाब, गाळण्या, आंघोळ करून बाहेर पडणं, सांडपाणी निर्जंतुक करणं असा सगळा बंदोबस्त. इतकं करूनही घात होतो. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पर्ब्राइटच्या संशोधन आणि लसनिर्मितीच्या आवारातल्या नादुरुस्त सांडपाण्याच्या नळातून विषाणू बाहेर पडला आणि आसपासच्या गाईंना रोग झाला. रोग रोखण्यासाठी बांधलेल्या जागेतूनच तो निसटला.

आपल्याकडे ही जोखीम फार आधी ओळखली गेली होती, आणि ती गोष्ट पुण्यातून सुरू होते. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था १८८९ साली पुण्यात ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ या नावाने जन्मली. गुरांच्या संसर्गजन्य रोगांचे प्रयोग भरवस्तीत नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. लाळ्या-खुरकुताचं राष्ट्रीय कामही पुढे मुक्तेश्वरलाच वाढलं आणि आता त्याची राष्ट्रीय संस्था ओडिशात भुवनेश्वरजवळ आहे. पुण्यात औंधला राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, पश्चिम विभागातल्या राज्यांसाठीही ती काम करते. पुणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे.

लाखो नमुने जिवंत विषाणूवर तपासणं शक्य नाही, म्हणून एलायझा आली. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमान यांनी ही पद्धत मांडली. १९८६ मध्ये पर्ब्राइटच्या हॅम्ब्लिन आणि सहकाऱ्यांनी लाळ्या-खुरकुतासाठी तिचा ‘लिक्विड फेज ब्लॉकिंग’ हा प्रकार तयार केला. तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची थाळी, तिच्यात ९६ खळगे, इडलीपात्राचं बाहुलीच्या भातुकलीतलं रूप म्हणा. खळग्यांच्या तळाला सशाच्या रक्तातली, विषाणूला पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली असतात. दुसरीकडे गाईचं रक्तजल आणि मारलेला विषाणू रात्रभर एकत्र ठेवतात. गाईकडे प्रतिपिंडं भरपूर असतील तर ती विषाणूला वेढून टाकतात. मग हे मिश्रण खळग्यात घातलं की सशाच्या प्रतिपिंडांना पकडायला मोकळा विषाणू फारसा उरत नाही. शेवटी गिनीपिगच्या प्रतिपिंडांच्या आणि एका विकराच्या मदतीने रंग आणतात. विषाणू पकडला गेला असेल तिथे गडद नारिंगी, नसेल तिथे फिकं पाणी.

म्हणजे रंग जितका फिका तितकी गाय भक्कम. थाळी पहिल्यांदा पाहणारा हमखास उलटं वाचतो. मीही वाचलं.

या चाचणीच्या निकालात १.८ ही रेघ भारतात वर्षानुवर्षं वापरली गेली. १.८ च्या वर असेल तर संरक्षित, खाली असेल तर नाही. हा लॉगचा आकडा आहे, त्याचा साधा अर्थ रक्तजल सुमारे ६३ पट पातळ करूनही काम करतं. दशांशाला फसू नका: १.८ आणि २.१ यांत दिसायला किरकोळ अंतर आहे, पण २.१ म्हणजे बरोबर दुप्पट प्रतिपिंडं. अलीकडे या चाचणीच्या जागी ‘सॉलिड फेज कॉम्पिटिटिव्ह’ एलायझा आली आहे. ती खोटे होकार कमी देते. जुन्या आणि नव्या चाचणीचे आकडे शेजारी मांडून ‘टक्का घसरला’ किंवा ‘वाढला’ असं म्हणणं म्हणजे शेरातली ज्वारी किलोतल्या ज्वारीशी ताडून पाहणं. अहवाल वाचणाऱ्यांनी आधी चाचणी कोणती ते बघावं.

* * *

पण १.८ ही रेघ ओढली कुणी? ती प्रयोगशाळेत नुसत्या गणिताने ठरत नाही. ती जनावरांच्या जिभेवर ठरते.

लसीची ताकद मोजण्याची मूळ परीक्षा अशी. गाईगुरांचे पाच-पाचचे तीन गट करायचे. एका गटाला पूर्ण मात्रा, दुसऱ्याला तिचा अंश, तिसऱ्याला त्याहून लहान अंश. दोन जनावरं लसीविना ठेवायची. तीन-चार आठवडे थांबायचं, मग सगळ्यांच्या जिभेत सुईने जिवंत विषाणू टोचायचा, दहा हजार जनावरांच्या मात्रेच्या हिशेबाचा. आठ दिवसांनी पाय बघायचे. जिभेवर फोड आले तर ते मोजत नाहीत, कारण तिथे विषाणू आपणच घातला. खुरांत फोड आले तर लस हरली, पाय कोरडे राहिले तर जिंकली. यावरून निम्मी जनावरं वाचवायला किती मात्रा पुरते ते काढतात. एका पूर्ण मात्रेत अशा किमान तीन मात्रा असाव्यात अशी अपेक्षा असते, म्हणजे डोसाचा तिसरा हिस्सा टोचला तरी निम्मी जनावरं वाचली पाहिजेत. साथीच्या तातडीसाठी ठेवायच्या लसीत सहा.

अशा परीक्षांतल्या जनावरांचं रक्त विषाणू टोचण्याच्या आधी घेऊन ठेवलेलं असतं. कोणाचे पाय कोरडे राहिले आणि त्यांचं टायटर किती होतं, हे जुळवत जुळवत ती रेघ ओढली गेली. मावशींच्या कालवडीच्या निकालापुढे ‘संरक्षित’ हा शब्द लागतो, तेव्हा त्यामागे लंगडत उभी राहिलेली किती तरी अनामिक जनावरं असतात. एलायझाचं एक पुण्य हे की तिच्यामुळे ही परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यावी लागत नाही.

आणि ही रेघ शक्यतेची आहे, भिंतीसारखी नाही. टायटर कमी असूनही वाचलेली जनावरं असतात, भरपूर असूनही आजारी पडलेली असतात. शरीराचं सगळं संरक्षण काही प्रतिपिंडांत नसतं. एकट्या गाईबद्दल हा आकडा दबकत बोलतो, दोनशे गाईंबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज खणखणीत होतो. ‘माझ्या गाईचं टायटर सांगा’ या मागणीपेक्षा ‘आमच्या तालुक्याचं सांगा’ ही मागणी शास्त्राला धरून आहे, ती या कारणाने.

अजून एक गोम आहे. चाचणीत वापरलेला विषाणू आणि रानात फिरणारा विषाणू एकच असेल असं नाही. आपल्या लसीत ओ जातीचा जो वाण वर्षानुवर्षं वापरात आहे तो १९७५ सालचा, आशिया-१ चा १९७२ सालचा. ए जात फार चंचल, तिच्यासाठी १९८२ चा वाण बाजूला ठेवून २००० सालचा घ्यावा लागला. प्रयोगशाळा लसीच्या वाणाविरुद्ध प्रतिपिंडं मोजते आणि म्हणते, उत्तम. रानातला विषाणू तोवर रूप बदलून बसला असेल तर त्या उत्तमाला अर्थ नाही. म्हणून साथीतून विषाणू मिळवून, लस घेतलेल्या गाईचं तेच रक्तजल दोन्ही विषाणूंवर लढवून बघतात. रानातल्यावरचं टायटर भागिले लसीतल्यावरचं. ०.३ किंवा त्यावर आलं तर जोडी जुळते, खाली आलं तर वाण बदलायचा विचार करायचा. ज्या गावात साथ दडवली जाते त्या गावातला विषाणू या तपासणीपर्यंत पोचतच नाही. बाजार बंद होईल म्हणून कळवत नाहीत, हे मला एका व्यापाऱ्याने हसत सांगितलं.

* * *

आतापर्यंतच्या चाचण्या एका प्रश्नावर गप्प बसतात: ही प्रतिपिंडं लसीची की रोगाची?

या प्रश्नाचं विश्वासार्ह उत्तर हाताशी नव्हतं तेव्हा काय झालं ते २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं. इंग्लंडातून साथ तिथे पोचली. डचांनी भोवतालच्या जनावरांना लस टोचली, साथ अडवली, आणि मग लस टोचलेली ती सगळी, सुमारे दोन लाख जनावरं मारून टाकली. निरोगी जनावरं. लस घेतलेल्या गाईत आणि रोग होऊन गेलेल्या गाईत फरक सांगता येत नसेल तर निर्यातीचा दरवाजा बंद राहतो, असा तो हिशेब होता. इंग्लंडमध्ये त्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. त्या साथीचा विषाणू ज्या वंशाचा, तो १९९० मध्ये उत्तर भारतात पहिल्यांदा सापडला होता, हेही इथेच सांगून ठेवतो.

उत्तर विषाणूच्या वागण्यातच दडलेलं होतं. जिवंत विषाणू पेशीत वाढतो तेव्हा त्याच्या कवचाबाहेरची काही कामकरी प्रथिनं तयार होतात. लसीत मेलेला विषाणू असतो, आणि लस नीट शुद्ध केलेली असेल तर ही प्रथिनं धुऊन निघालेली असतात. मग रक्तात कवचाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली तर लस किंवा रोग, दोन्ही शक्य. कामकरी प्रथिनांविरुद्ध सापडली तर विषाणू इथे येऊन वाढून गेला. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी यासाठी ‘३एबी३’ प्रथिनावरची स्वतःची एलायझा बनवली, आणि देशात ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. लस रोगाला अडवते, पण विषाणूला घशात शिरण्यापासून दर वेळी अडवू शकत नाही. काही जनावरं बरी होऊनही महिनोन्‌महिने घशात विषाणू बाळगतात. पहिल्या प्रकारच्या चाचणीने लसीकरणाचं प्रगतिपुस्तक भरतं. दुसऱ्या प्रकारची सांगते, की प्रगतिपुस्तक चांगलं असूनही गावात चोर येऊन गेला. माझ्या मते उच्चाटनाच्या वाटेवर दुसरीच अधिक मोलाची आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या लसीत लस आणि रोग यांतला फरक असा सहज ओळखता येत नाही. एस-१९ लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, त्यामागचं एक मोठं कारण हे की मोठेपणी दिली तर रक्तातली प्रतिपिंडं टिकून राहतात आणि नेहमीच्या चाचणीत गाय रोगी ठरू शकते. तिथे लसीचं वेळापत्रकच चाचणीच्या मर्यादेने ठरवलं आहे.

आणि रक्ताची भाषा पूर्ण उलटी वाचली गेली ती बुळकांड्याच्या वेळी. ज्यांचं वय आज सत्तरीच्या पुढे आहे त्यांना तो शब्द ऐकून अजून धसका बसतो, गोठेच्या गोठे एका आठवड्यात रिकामे करणारा रोग. आधी चाचणी शोधायची ती प्रतिपिंडं: किती टक्के जनावरांत आहेत, अजून कुठे टोचायला हवं. भारतातली शेवटची साथ १९९५ ची. मग मोठ्या धाडसाने लस बंद केली गेली, आणि तीच चाचणी आता शोधू लागली प्रतिपिंडांचा अभाव. लस बंद झाल्यावर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात काहीही सापडता कामा नये. एकाही वासरात सापडलं असतं तर त्याचा अर्थ रोग अजून आहे. वर्षानुवर्षं रिकाम्या निघालेल्या नळ्यांच्या जोरावर २००६ मध्ये भारत बुळकांड्याच्या संसर्गापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. माणसाने निपटून काढलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग.

* * *

ऊन चढलं तेव्हा पर्यवेक्षकांच्या बर्फाच्या डब्यात दहा नळ्या झाल्या होत्या. मावशींनी चहा दिला. “मग निघालं काय ते कधी कळंल?” त्यांनी विचारलं. पर्यवेक्षक जरा थांबले. नमुने जिल्ह्याला जातात, तिथून पुढे, निकाल वर जातात, म्हणाले. खाली येतात का, हे मी विचारलं नाही. मागच्या फेरीत याच गावातून रक्त नेल्याचं मावशींना आठवत होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते गावात कुणालाच सांगता आलं नाही.

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, गोठली तर ती संपली. फ्रीज असलेल्या दवाखान्यापासून या वस्तीपर्यंत ती मोटारसायकलवर येते. त्या वाटेत तिचं काय होतं ते सांगणारा एकमेव साक्षीदार त्या दहा नळ्यांत आहे. तालुक्याचा टक्का खाली आला, तर वाट बिघडली, बूस्टर चुकला की लसच हलकी निघाली, हे शोधता येतं. निकाल वरच राहिला तर काहीच शोधता येत नाही, पुढची फेरी तशीच येते आणि नोंदवहीत आणखी एक तारीख चढते.

वसुबारसेला ज्यांच्या अंगणात गाय-वासरू पुजलं जातं, त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या फेरीला लस टोचायला माणूस येईल, तेव्हा जनावर लपवू नका, दुधाच्या भीतीने परत पाठवू नका, चार महिन्यांवरच्या वासराच्या बूस्टरची तारीख स्वतःच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि रक्त न्यायला कुणी आलं, तर मान धरून द्या आणि विचारा: मागच्या वेळी आमच्या तालुक्याचे किती टक्के निघाले, ओ चे किती, ए चे किती, आशिया-१ चे किती?